पदवीदानाची तालीम

विद्यापीठ ही चार भिंतींत मावणारी गोष्ट नसते. आमच्या डीनच्या प्रत्येक भाषणात हे वाक्य असायचं, आणि आमच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही मावत नव्हतो. म्हणून संख्याशास्त्राचा वर्ग तळमजल्यावरच्या गालिच्यांच्या गोदामात भरायचा. तो वर्ग माझा. गुंडाळून उभ्या केलेल्या इराणी गालिच्यांना टेकून मुलं सरासरी काढायची आणि मधूनमधून शिंकायची.

मूळ विद्यापीठ अमेरिकेतलं, लुथेरन पंथाचं. हे ख्रिश्चनांमधले जुने सुधारक. जर्मनीत उगवले आणि अमेरिकेत मक्याच्या शेतांमध्ये स्थिरावले. बडेजावाच्या विरोधात सुरू झालेल्या या पंथाला मिरवणुकीची, झग्यांची आणि क्रमाची एवढी आवड कशी, हे मला कधी कळलं नाही. आमचा डीन स्वतः पाद्री होता. उंच, सौम्य, आणि छापील कार्यक्रमपत्रिकेपुढे पूर्ण शरणागत. तिकडे रोज सकाळी अकराला सगळं थांबवून प्रार्थना व्हायची. इथे परवानगी शिकवण्यापुरतीच होती, त्यामुळे प्रार्थना वगळली. थांबणं मात्र ठेवलं. रोज अकराला आम्ही सगळे, हिंदू, मुसलमान, केरळी ख्रिस्ती आणि एक लुथेरन, हॉलमध्ये गप्प बसायचो आणि मग पातळ कॉफी प्यायचो. शारजाहून सकाळची ट्रॅफिक फोडून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला दिवसभरात तेवढीच झोप मिळायची. त्या विद्यापीठाने मला दिलेली ती सर्वात ठोस गोष्ट.

आणखी एक मान मला मिळाला होता. पदवीदानाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे राजदंड घेऊन चालण्याचा. खरा राजदंड अमेरिकेहून यायचा होता, तो कस्टममध्ये अडकला. तेव्हा मीच शारजातल्या रोल्लाच्या बाजारातून, घराजवळच्या दुकानातून, पडद्याचा जाड पितळी दांडा आणला. टोकाला गोळा होताच. डीनने तो हातात तोलून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "डिग्निफाइड."

त्या वर्षी पदवी घेणाऱ्यांत एक मुलगी होती. रत्नागिरीकडच्या मुसलमान कुटुंबातली, वर्गात सर्वांत हुशार. तिचे वडील शारजातल्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअरकीपर. साठी उलटली, कंपनीने व्हिसा रद्द केला. देश सोडण्याची मुदत नेमकी पदवीदानाच्या दिवशी संपत होती. रात्रीच्या विमानाचं तिकीट होतं. मुलगी मामाकडे राहणार होती, नोकरी ठरली होती. म्हाताऱ्याला जाण्याआधी एवढंच बघायचं होतं, लेक काळा झगा घालून स्टेजवरून चालताना.

समारंभ पाचला होता. साडेपाच झाले, सहा झाले. प्रमुख पाहुणे, शहरातले एक बडे व्यापारी, आले नव्हते. फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, "इन्शाल्ला, टेन मिनिट्स." अमेरिकेच्या थंडीसाठी शिवलेले झगे घालून आम्ही मे महिन्यात जिन्यात उभे होतो. म्हातारा पहिल्या रांगेत, कोट घालून, मांडीवर कॅमेरा. खाली टॅक्सीत त्याच्या सामानासकट मेहुणा.

मुलगी रांग सोडून त्याच्याजवळ गेली. "अब्बा, यू गो. इट्स ओन्ली अ सेरेमनी."

"ओन्ली काय ग? चार वरसं माझं डोकं खाल्लंस त्या झग्यासाठी. आता ओन्ली?"

"यू विल मिस द फ्लाइट!"

"मग मिस झालं तर तुझे सर मला जेलात डबा आणतील. काय सर?"

मी म्हटलं, "आणीन चाचा. पण डबा आमच्या घरचा. जेलमधलं बरं वाटेल." तो हसला आणि पुन्हा घड्याळ बघितलं. आडनावांच्या क्रमाने ती सर्वांत शेवटी होती. मी म्हटलं, "डीनला सांगून तिचं नाव आधी घेऊ का?"

"नको सर. तिला मधेच घुसवली असं व्हायला नको. लाइनीतनं येऊं दे."

हा मनुष्य आणि डीन एकमेकांसाठी बनलेले होते.

मी डीनला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने कार्यक्रमपत्रिका काढली. "प्रमुख पाहुण्यांच्या आगमनानंतर" असं तिच्यात छापलेलं होतं, आणि छापलेल्यापुढे इलाज नव्हता. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आपण तालीम केलीच नाही," तो म्हणाला.

"काल केली."

"काल एसी बंद होता. ती धरायची नाही. आम्ही लुथेरन सगळ्याची तालीम करतो. अंत्यविधीच्या गाण्यांचीसुद्धा." मग माइकवर जाऊन त्याने जाहीर केलं, की पाहुणे येईपर्यंत एक तालीम होईल.

तालमीत नावं भरभर वाचायची असतात. डीनने एकेक नाव सावकाश, पूर्ण वाचलं. पदवी प्रदान करण्याचं लॅटिन वाक्य तालमीत कोणी म्हणत नाही, तेही त्याने म्हटलं. मी पडद्याचा दांडा घेऊन पुढे चाललो, आयुष्यात पहिल्यांदाच पाय वाजवत. प्रत्येकाला निळं फोल्डर मिळालं. फोल्डर रिकामं होतं, पण ते खऱ्या समारंभातही रिकामंच असतं. पदव्या छापून मागाहून कुरियरने येतात. म्हणजे या तालमीत आणि खऱ्या समारंभात तसा काही फरक नव्हता.

शेवटी ती आली. डीनने तिच्या टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे केला. म्हाताऱ्याने उभं राहून फोटो काढला, मग आणखी एक. फ्लॅश चालला नाही, तेव्हा कॅमेऱ्याला अस्सल कोकणी शिवी दिली आणि तिसरा काढला. ती खाली उतरल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, टोपी वाकडी झाली, ती सरळ केली.

"चला, खलास," तो म्हणाला आणि मागे न बघता जिना उतरला. ती खिडकीशी गेली. मी गेलो नाही.

पाहुणे नंतर आले. त्यांना मरीनाकडे एका नव्या टॉवरच्या पायाभरणीला जायचं होतं. स्टेजवर चढतानाच "यल्ला, यल्ला, फोटो" म्हणाले. नावं वाचायला वेळ नव्हता. सगळ्या मुलांनी एकदम उभं राहायचं, टाळ्या, एक ग्रुप फोटो, आणि झालं. मुलांचे आईबाप एकमेकांकडे बघत राहिले. आपलं मूल चालताना त्यांनी जे पाहिलं, ते तालीम म्हणून, निम्मे बाहेर कॉफी पीत असताना. नीट सगळं बघितलेला एकच बाप त्या वेळी एअरपोर्टच्या रस्त्यावर होता.

कुरियर पावसाळ्यानंतर आला. मुलीने पदवी गावाला पाठवली. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं, की अब्बांनी पदवी कपाटात ठेवली आणि भिंतीवर फोटो लावला, कारण पदवीत कोणी दिसत नाही. फोटोत ती आहे, डीन आहे, आणि कडेला हातात राजदंड घेतलेला मी. गावात येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दांडा दाखवतात आणि सांगतात, जर्मनीचा आहे, फार जुना.

दोन वर्षांनी शाखा बंद झाली. खरा राजदंड कस्टममधून सुटला की नाही, कोणाला माहीत नाही. पितळी दांडा माझ्या हॉलमध्ये आहे. त्यावर पडदा लावला आहे.