न वाढणारा भाचा

नर्सबाईंचा पाय माझ्या एका वितीत मावायचा. एवढी साधी गोष्ट कळायला मला चार वर्षं लागली, आणि तोवर माझ्या हातून त्यांचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं.

एकोणीसशे तीस सालाच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. रत्नागिरीच्या बाजारात आमचं दुकान होतं. वडील वहाणा शिवत. मी मुंबईहून बोटीने तयार बूट मागवू लागलो होतो, पुरुषांचे आणि मुलांचे. बायकांचे बूट कुणी मागतही नसे, कुणी पाठवतही नसे. आम्ही चांभार. बरीच गिऱ्हाइकं कागदावर पाय ठेवून पेन्सिल स्वतःच फिरवत, आमचा हात लागू नये म्हणून. अशा गावात नर्सबाई दुकानात आल्या आणि मला 'अहो' म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं, वडील उभे आहेत की काय म्हणून.

त्या मूळच्या केळशीच्या. नवरा लवकर गेला, मग मुंबईला शिकून दवाखान्यात बाळंतपणं करायला आल्या. पांढरं लुगडं, हातात पिशवी आणि ती भरभर चाल. कातळाचे सडे, घाट्या, खाडीकाठ तुडवत त्या कुठल्या कुठे जायच्या. घरात शिरल्यावर कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि घाबरलेल्या पोरीला म्हणायच्या, "मी आल्ये ना? आता तू नुसती माझ्याकडे बघ." माझ्या बहिणीनं हे मला सांगितलं होतं. म्हणाली, "त्येंच्या डोळ्यांत बघितलं की दुखणं लांब कुठंतरी चाललंय असं वाटतं."

दरवर्षी पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या की त्या यायच्या. "भाच्यासाठी बूट हवेत. दहा वर्षांचा आहे," पहिल्या वर्षी म्हणाल्या. मापाला सुतळीचा तुकडा आणलेला असायचा. मी बूट काढून देईपर्यंत त्या फळीवरच्या छोट्या बुटांकडे बघत बसायच्या, झोपलेल्या मुलांकडे बघावं तशा.

चौथ्या वर्षीही सुतळी तेवढीच. मला चेष्टेची लहर आली. "काय वो बाई, भाचा वाढत नाय वाटतं तुमचा?"

त्यांचा चेहरा उतरला. "आजारी असतो," एवढंच म्हणाल्या आणि बूट घेऊन निघून गेल्या. दुकानात तेव्हा कोर्टातले एक कारकून वहाणेचा अंगठा शिवून घेत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

पंधरा दिवसांत गावभर झालं. विधवा बाई, एकटी राहते, दरवर्षी पोराचे बूट नेते, आणि भाचा कुणी पाहिलेला नाही. म्हणजे पोर तिचंच, केळशीला कुठेतरी लपवलेलं. दवाखान्यात त्यांच्याकडे बघून बायका कुजबुजू लागल्या, गावातल्या घरांची बोलावणी थांबली. एका मोठ्या घरातली सून अडली होती. नर्सबाई आपणहून गेल्या तर सासऱ्यांनी त्यांना अंगणातूनच परत लावून दिलं. सून वाचली, मूल गेलं. ते ऐकल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पण बाहेर कुणापाशी ब्र काढला नाही.

मार्गशीर्षात जयगडला गलबतांवरच्या तांडेलांच्या वहाणा पोचवून मी वाटेतल्या वारे गावात वस्तीला राहिलो आणि पहाटे परत निघालो. सड्यावर धुकं इतकं दाट की कातळ कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. खाली समुद्र आहे हे फक्त आवाजावरून समजायचं. त्या पांढऱ्या पोकळीत चालताना आपण जागे आहोत की नाही, अशी मला शंका येऊ लागली. तेवढ्यात पुढे चाललेल्या पावलांचा आवाज आला. टक टक, टक टक. आधी आवाज, मग पांढरं लुगडं, मग नर्सबाई. पायांत काळे नाडीचे बूट, मीच विकलेले. कुठल्याशा कोळीवाड्यातून बाळंतपण करून परतत होत्या.

मला त्यांनी पाहिलं नाही. पलीकडे धुक्यातून घरं दिसू लागली तशा त्या एका धोंड्यावर बसल्या, नाड्या सोडल्या, बूट काढून फडक्यात गुंडाळले आणि अनवाणी उभ्या राहिल्या. दवानं भिजलेल्या त्या खरबरीत कातळावर एवढेसे पाय.

"बाई," मी म्हटलं.

त्या दचकल्या. मग फडकं पोटाशी धरून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ-बहीणच नाही मला. भाचा कुठला?"

"बाई, मी त्या दिवशी बोललो नसतो तर हे झालं नसतं."

"तुम्ही चेष्टा केलीत. खोटं मी बोलल्ये."

"मग सांगा की लोकांना, बूट माझेच म्हणून."

"बूट घालणारी बाई कोण घरात घेईल?"

"आता तरी कुठं घेतात?"

हे माझ्या तोंडून निसटलं आणि मला जीभ चावावीशी वाटली. त्या मात्र हसल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या भर गर्दीत दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. "मुलांचे बूट काढा. मला घालायचेत," मोठ्यानं म्हणाल्या. मी सवयीनं कागद पुढे केला. "कागद कशाला? हातानं माप घ्या."

वहाण शिवणाऱ्या वडिलांचा टोचा थांबला. रस्त्यावरची माणसं थांबली. मी त्यांचा पाय हातात घेतला. माझ्या वितीत मावला. टाचेला भेगा होत्या, करंगळी आत वळलेली. मी बूट चढवले आणि नाड्या बांधल्या. दोनदा गाठ सुटली. त्या उठून बाजाराच्या मधोमध चालू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मडम आली!" त्या वळल्या. "हो, आल्ये. घरात कुणाची वेळ भरली की बोलवा."

हसणारे वर्षभर हसले. पण भाच्याची गोष्ट त्या दिवशीच संपली. दीड-दोन वर्षांनी त्याच मोठ्या घरातून माणूस धावत आला. नर्सबाई पायरीशी बूट काढायला वाकल्या तर सासूबाई म्हणाल्या, "खड्ड्यात गेले ते बूट! आधी आत या." त्या वेळी मुलगी झाली. जगली.

काही वर्षांनी त्यांची घाटापलीकडे, देशावर बदली झाली. निघण्याआधी मी त्यांच्या मापाचे, बाईच्या पायाला शोभतील असे मऊ कातड्याचे बूट शिवून दिले. वडील म्हणाले, हे तू शिवलेलं सगळ्यांत चांगलं काम. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात त्या तेच घालून बसल्या होत्या. बोटीचा धूर विरेपर्यंत मी बंदरावर उभा होतो.

पुढे त्यांचं एकच पत्र आलं. लिहिलं होतं, 'इथले रस्ते सपाट आहेत. बोलावणं आलं की दारात टांगा येतो. तुमचे बूट अजून नवेच दिसतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.'