जमली नाही तर परत आणा

कोंबड्या पाळणाऱ्याच्या घरात अंडी साठत नाहीत. सकाळी गोळा केली की संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी घेऊन जातं. साठतात ते किस्से. ते कोणी नेत नाही, उलट येणारा प्रत्येकजण एखादा ठेवूनच जातो! मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून माझ्याकडे ते जरा जास्तच साठलेत.

आमचं गाव जळगाव जामोदच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. नववीत माझी शाळा सुटली आणि काही वर्षं इकडेतिकडे काम करून मी घरच्या अंगणातच कोंबड्यांचा धंदा सुरू केला. एक दिवसाची पिल्लं आणायची, बल्बच्या उबेत वाढवायची आणि अंड्यावर यायच्या बेताला विकायची. अशा वयात येणाऱ्या कोंबडीला आमच्याकडे तलंग म्हणतात. माझं गिऱ्हाईक घरगुती. कोणाला चार हव्या, कोणाला दोन, कोणाला एकच.

मी गप्प बसतो म्हणून कोंबड्या माझ्याजवळ येतात. मुठीत दाणे घेऊन बसलं की कोण कशी आहे ते कळतं. गिरिराज जातीची अंगानं भारी आणि चालीनं मंद, लहान मुलांच्या घरी बरी. लाल आर.आय.आर. अंड्याला पक्की. काळी ऑस्ट्रॉलॉर्प शांत. गावरान अंडी कमी देते, पण पिल्लं सांभाळावीत तिनंच. हे सगळं मला कळतं. गिऱ्हाईकानं "ही अंडी देईलच कशावरून?" असं विचारलं, की मात्र माझी जीभ टाळूला चिकटते.

म्हणून मी एक पाटी लिहून फाटकावर लावली. "घरच्या अंगणासाठी गरीब स्वभावाच्या, अंडी देणाऱ्या कोंबड्या मिळतील. जमली नाही तर महिन्याच्या आत परत आणा."

आईनं ती वाचली. म्हणाली, "गजू, कोंबडी का चप्पल हाय? नंबर नाही बसला तं बदलून द्याले?"

*

पाटीचा पहिला फायदा घेतला तालुक्याच्या एका क्लार्कसाहेबांनी. त्यांना मोबाईलवर पाहून कडकनाथच पाहिजे होती. घरात दोन लहान मुली, त्यांना खेळायला कोंबडी हवी. मी म्हणालो, कडकनाथ बुजरी असते, उडते, मुलींसाठी दुसरी घ्या. साहेब दोन कडकनाथ घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. दोन्ही कोंबड्या शेजारच्या कडुलिंबावर बसल्या होत्या, साहेब शिडीवर होते आणि खाली मुली टाळ्या वाजवत होत्या.

"अरे, तू हे आधी सांगायचं ना मला!"

"सांगितलं होतं साहेब. हळू सांगितलं होतं."

*

एकदा नवं लग्न झालेलं जोडपं आलं. दोघांनी बराच वेळ कोंबड्या पाहिल्या. मग मुलीनं मला विचारलं, "दादा, कोंबडा नाही घेतला तर अंडी मिळतील का?"

प्रश्न साधा आहे. दर चौथं गिऱ्हाईक विचारतं. पण नवी नवरी विचारते म्हटल्यावर मी जमिनीकडे पाहायला लागलो. नवराही जमिनीकडेच पाहत होता. आम्ही दोघं एकाच जागी पाहतोय म्हणून एक कोंबडी तिथं येऊन काही सापडतं का ते उकरू लागली.

शेवटी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अंड्याले कोंबडा लागत नाही. पिल्लाले लागते. बाकीचं घरी जाऊन इचारा."

*

आता उघडमानीचं सांगतो. कारण खरा किस्सा तिचाच आहे.

पिल्लांच्या एका लॉटमध्ये ती आली. मानेवर एक पीस नाही, लाल उघडी मान आणि डोक्यावर थोडी टोपी. दिसायला कशीतरीच. पण आमच्या उन्हाळ्यात बाकीच्या कोंबड्या चोच वासून पडलेल्या असतात, तेव्हा असल्या मानेची कोंबडी खुशाल फिरते आणि अंडंही देते. स्वभाव तर असा, की मी मूठ उघडायच्या आधी ही मांडीवर! मला वाटलं, हिला चांगलं घर मिळायला काही अडचण नाही.

दिवाळीनंतर एक सासू आणि सून आल्या. सासूबाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, आणा पाहू एकेक. चालवून पाहिली, पंख उचलून पाहिला, डोळ्यांत पाहिलं. मग अटी सांगितल्या. खाणं कमी पाहिजे, आवाज कमी पाहिजे, काम जास्त पाहिजे आणि शेजारी जायची सवय नको.

मागे उभी असलेली सून हळूच मला म्हणाली, "मले पाहाले आल्या होत्या तवा हेच म्हनत होत्या."

त्यांनी उघडमानी नेली. तीन आठवड्यांनी परत आणली. कोंबडी दाणे त्यांच्याकडे खायची आणि अंडं भिंतीपलीकडे शेजारणीच्या लाकडांत द्यायची. शेजारीण बिचारी रोज ते अंडं भिंतीवर आणून ठेवायची.

मी म्हणालो, मग अंडं तर मिळत होतं. सासूबाई पदर सारखा करून उठल्या. जाताना सून दोन पावलं मागे राहिली. "अंड्याचं काही नाही भाऊ," ती म्हणाली. "त्या अंड्याच्या निमित्तानं मी अन् शेजारीन रोज अर्धा घंटा बोलाले लागलो होतो."

*

दुसऱ्यांदा ती एका गुरुजींकडे गेली. त्यांची दोन मुलं, शाळा घराच्या समोरच. मुलांच्या मागे मागे ही शाळेत जायला लागली. प्रार्थनेला उभी, जेवणाच्या सुट्टीत पंगतीत. पोरं हजेरीत तिचंही नाव घ्यायची आणि सगळी मिळून 'हजर' म्हणायची. गुरुजींनी दोनदा हाकललं, मग तेही थकले.

एक दिवस तपासणीला साहेब आले. वर्गात शिरून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "काय रे, जेवणात अंडं मिळतं का?"

मुलानं टेबलाखाली बोट दाखवलं. "थांबा साहेब, आता बसलीच हाय ती."

साहेब पोट धरून हसले म्हणतात. गुरुजींना मात्र हसू आलं नाही. संध्याकाळी ते स्वतः सायकलवर तिला घेऊन आले आणि म्हणाले, "गजानन, कोंबडी फार चांगली आहे. पण मला अजून सहा वर्षं नोकरी आहे."

गावात तोवर तिचं नाव 'परतवाली' पडलं होतं. मी दुकानात साखर आणायला गेलो तरी लोक विचारायचे, "काऊन बे गजू, परतवाली आली का?" आई कोणाशी हसून बोलायची नाही. एकच म्हणायची, "असं चाललं तं लोक आपल्या बाकीच्या कोंबड्यायलेही नावं ठेवतील."

*

तिसरं घर कांदेवाल्या शांताकाकूंचं. होळीनंतर नवा कांदा निघाला, तो त्यांनी आतल्या खोलीत पसरून ठेवला होता. नेमकी त्याच वेळी उघडमानी खुडूक झाली. म्हणजे कोंबडीला अंडी उबवायची ओढ लागते. मग ती अंडी द्यायची थांबते आणि जागा धरून बसते. खाली अंडी असोत, नसोत. ही कांद्यांवर बसली!

कोणी कांदा घ्यायला गेलं की फुगायची आणि हातावर चोच मारायची. एरवी मांडीवर बसणारी कोंबडी, पण आता कांद्यांची आई झाली होती. आठव्या दिवशी शांताकाकू टोपली घेऊन फाटकात उभ्या. "पन्नास कट्टे कांदा हाय घरात," त्या म्हणाल्या, "अन् मी भाजीसाठी शेजारून कांदा मागून आनून राह्यली."

मी सांगून पाहिलं, काकू, खाली थोडी अंडी ठेवली असती तर पिल्लं काढली असती तिनं.

"मले अंडे पाहिजे होते बापा, आई नको होती."

त्या गेल्यावर आईनं कोंबडी उचलून हातानं वजन पाहिलं. मग म्हणाली, "आखाजीले तुही ताई अन् जावई येऊन राह्यले. दुसऱ्या दिवशी जावयाले काय करायचं, याचाच इचार करत होती मी. आता ठरलं. हिले कोनी नेलं तं नेलं. नाही नेलं, नाहीतर नेऊन परत आनलं, तं मी मसाला वाटनार."

आई उगाच बोलत नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि सणाचा दिवस गेला की जावयासाठी कोंबडी कापतात. त्यात चूक काही नाही. कोंबड्या विकणाऱ्यानं त्याचं वाईट वाटून घेणं म्हणजे मूर्खपणाच. मी वाईट वाटून घेतलं.

*

आठ दिवसांनी गोविंदबाबा आले. गावाबाहेर त्यांचा संत्र्याचा छोटा बगीचा आहे, तिथंच एकटे राहतात. गळ्यात तुळशीची माळ. एकच लेक, ती सुरतेला दिलेली.

मी गिऱ्हाईकाला नेहमी एक प्रश्न विचारतो, तोच विचारला. घरी अंडी कोण खातं?

"कोनीच नाही," बाबा म्हणाले.

"मग कोंबडी कशाला, बाबा?"

"सकाळी खुराड्याचं दार उघडलं का कोनीतरी बाहीर आलं पाह्यजे."

तेवढ्यात उघडमानी त्यांच्या धोतराजवळ येऊन बसली. बाबांनी हात लावला. मला गप्प बसून तिला देऊन टाकता आलं असतं. पण ती परत आली तर काय होणार हे मला माहीत होतं. म्हणून मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. शेजारणीच्या लाकडांतलं अंडं सांगितलं, शाळेतली तपासणी सांगितली, कांदे सांगितले, काहीच लपवलं नाही. सांगताना घाम फुटला.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. बोटं मोजत म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याच्या घरी जाते, मागं मागं येते, अन् एका जागी बसली तं उठत नाही."

"हो बाबा."

"अशीच पाह्यजे होती."

आईनं दारातून त्यांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुमी परत आनली तं मी ठेवनार नाही. जावई येनार हाय."

बाबांनी मान हलवली, टोपली काखेत धरली आणि गेले. त्यानंतर मी रोज फाटकाकडे पाहायचो. एक दिवस गेला, दोन गेले, दहा गेले. मी मनात आखाजीचे दिवस मोजत होतो.

*

आखाजीची सकाळ. ताई आदल्या संध्याकाळीच आली होती. आईनं आल्या आल्या पाच मुठी गहू घालून तिची ओटी भरली होती, कडुलिंबाला झोका बांधून झाला होता, भावजी खाटेवर पेपर वाचत होते. मी पाण्याची भांडी धूत होतो. मान वर केली तर फाटकात गोविंदबाबा. काखेत टोपली, वर नवंकोरं फडकं.

आईनंही पाहिलं. आत गेली, उद्याच्या मसाल्यासाठी खोबरं आणि कांदा भाजायला टाकला आणि पाटा धुऊन घेतला. मला ते सगळे आवाज ऐकू येत होते.

बाबा टेकले. पाणी प्याले. ताईला कधी आली, पोरं कशी आहेत, सगळं विचारलं. टोपलीबद्दल एक शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, "बाबा, काय केलं हिनं?"

"काय करनार? काही नाही केलं."

"मग?"

बाबांनी फडकं काढलं. उघडमानी बाहेर आली, अंग झाडलं आणि आपल्या जुन्या जागी जाऊन माती उकरू लागली.

"आखाजी हाय ना," बाबा म्हणाले. "माही सुरतवाली औंदाही नाही येत म्हनते, सुट्टी नाही. म्हटलं, एक तं माहेरी जाऊ दे. चार दिवस ठेवा. गुरवारी मी न्याले येतो."

आत वरवंट्याचा आवाज थांबला. आई बाहेर आली, बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, दोनदा धुतले. मग परत आत गेली आणि सुपात गहू घेऊन आली. मूठभर गहू तिनं कोंबडीपुढे टाकले. मग आणखी एक मूठ. असं पाच वेळा.

ताईनं हळूच विचारलं, "माय, मग उद्या याह्यले काय करतं?"

"वांगे हायत," आई म्हणाली.

भावजींनी पेपर थोडा खाली केला आणि पुन्हा वर केला.

बाबा उठले. रिकामी टोपली घेऊन फाटकापर्यंत गेले, तिथून परत वळले.

"अन् सुमनबाई," ते आईला म्हणाले, "अंडं दिलं तं तुमचं. पन चार दिवस तिले कामाचं कोनी म्हनू नका. माहेरी आली हाय."