मागशील ते देईन

आधीच सांगते, या असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. इथले अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि खाली "पुरावा?" एवढंच टाकून मोकळी व्हायचे. आता हसा मला खुशाल.

मी मीरा रोडला राहते, बेव्हर्ली पार्कात. लॉ करतेय. गेल्या वर्षी कॉन्ट्रॅक्टचा पेपर तोंडावर आला आणि बाबांना स्ट्रोक आला. आयसीयूत, बेशुद्ध. डॉक्टर रोज एकच सांगायचे, वाट बघा. मी बाहेर पुस्तक उघडून बसायचे — ऑफर, अ‍ॅक्सेप्टन्स, मोबदला — एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ!

बाबांची बहीण, माझी आत्या, जवळच्याच चौक गावात राहते. ती मागेच लागली, "चल, देवीला कौल लावू." म्हणजे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आईनेही "जा गं, तिच्या समाधानासाठी" म्हटलं, म्हणून गेले.

भर दुपार. देवळात आम्ही दोघीच, वाऱ्याचा पत्ता नाही. आत्याने गाऱ्हाणं घातलं, एका नारळाचा नवस बोलली. बराच वेळ गेला तरी फूल हलेना. माझं डोकंच सटकलं... इतक्या दिवसांची भीती कुणावर तरी काढायची होतीच.

"आत्या, समोरच्याने हो म्हटल्याशिवाय करार होत नाही. आणि एका नारळात कोण हो म्हणेल?" मग सरळ देवीकडे बघून म्हटलं, "बाबांना परत दे. मागशील ते देईन. बोल, मंजूर?"

टप्. उजवं फूल खाली.

आत्याने माझ्या तोंडावर हातच दाबला. "असा न्हाय बोलाचा गो पोरी! नारळ बोल, साडी बोल... काय देनार त्या ठरवून बोलाचा. उघडा शब्द कोन देतो?" ती रडायला लागली.

परतताना रिक्षात आईचा फोन आला. बाबांनी डोळे उघडले होते! योगायोग, मी स्वतःला बजावलं. पण बाबा बोलायला लागले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य, माझ्याकडे बघून — "काय कबूल करून आलीस गं?"

आई म्हणाली, औषधांनी बरळतायत. आत्या तोवर हॉस्पिटलमध्ये आलीच नव्हती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बाबांना आज ते वाक्य आठवतही नाही.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. ज्या कराराच्या अटी अनिश्चित, तो करार रद्दबातल. कलम २९. लिहिताना केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! "मागशील ते" म्हणजे अनिश्चितच की. सुटले!

घरी येऊन उत्तर ताडून बघताना पुढची पानं चाळली. कलम ६५. करार रद्दबातल निघाला, तर त्यात जे मिळालं ते परत करावं लागतं.

तेव्हापासून चैन नाही. बेल वाजली तरी दचकते, आता काय मागणं आलं म्हणून. अजून काहीच आलेलं नाही... आणि त्याचीच जास्त भीती वाटते. बाबा समोर बसून मेथी निवडतायत, डावा हात अजून अडखळतो.

फुलाचं, बाबांच्या त्या वाक्याचं काही स्पष्टीकरण सुचलं तर जरूर सांगा, मला तर सापडलेलं नाही. फक्त तो करार रद्दबातल होता असं कुणी म्हणू नका. प्लीज.