फरशीवरची गरम पावलं

आमचे साडू जन्मजात भित्रे. झुरळ दिसलं की ते खुर्चीवर चढतात आणि माझी मेहुणी लाटणं घेऊन येईपर्यंत तिथूनच झुरळाला दम देतात. अशा माणसाने पोटासाठी धंदा कुठला निवडावा? तर लोकांच्या रिकाम्या घरांतून एकट्याने फिरायचा! कोणी घर विकत घेणार असलं की आधी यांना बोलावतात. साडू भिंतीभिंतीवरून थर्मल कॅमेरा फिरवतात. आपल्याला नुसता चुना दिसतो. कॅमेऱ्याला ऊब आणि गारवा दिसतो. ओल मुरलेली जागा जांभळी, आत तापलेली वायर पिवळी. "मला भिंतीच्या पोटातलं दिसतं," असं साडू लग्नकार्यात ऐटीत सांगतात.

त्या दुपारचं घर बैठं होतं. तान्ह्या मुलीला घेऊन एक जोडपं तिथे राहायला येणार होतं. "घर रिकामं आहे साहेब, चालू द्या तुमचं," म्हणून एजंट गेला आणि जाताना सवयीने बाहेरून कडी घालून गेला. खट्ट! साडूंनी दार ओढून पाहिलं. खिडक्यांना गज. एजंटाचा फोन व्यस्त.

घाबरले की साडू गातात. तसे ते गात गात, पंखे-दिवे लावत स्वयंपाकघरात पोचले आणि कॅमेरा फरशीकडे वळवला. जांभळ्या फरशीवर पिवळे डाग. खालून गरम पाण्याचा पाइप गळतोय, असं म्हणून ते खाली वाकले. पण पाइपाला पायाची बोटं नसतात. या डागांना पाच-पाच होती.

साडूंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बूट होते. गाणं घशातच राहिलं. बघता बघता पहिला डाग विरून गेला, म्हणजे पाऊल आत्ताच पडलेलं! पावलं आतल्या खोलीकडे गेली होती. साडूंची पाचावर धारण बसली. खरं तर उलट्या दिशेने पळायचं, पण पाठीमागे कोणीतरी आहे ही कल्पना त्यांना त्याहून सोसेना. जीव मुठीत धरून ते पावलांमागे गेले. पावलं भिंतीतल्या कपाटापाशी संपली. भिंतीच्या पोटातलं बघणाऱ्याला कपाटाच्या पोटातलं काही दिसेना. लाकडी दाराच्या कडेवर मात्र चार बोटं पिवळी उमटली होती.

आतून खोकला आला.

"क... कोण आहे? माझ्याकडे... माझ्याकडे कॅमेरा आहे!"

"मारू नकोस रे बाबा! चष्मा घेते नि जाते!"

दार उघडलं. आत एक म्हातारी, चपला छातीशी धरून उभी. घरमालकाची आई. घर बघायला लोक यायचे तेव्हा ती त्यांना घरातले सगळे दोष सांगत बसायची, म्हणून मुलाने तिला बहिणीकडे धाडलं होतं. विसरलेला चष्मा न्यायला ती मागच्या दाराने आली, तर आत हा आवाज.

"मला वाटलं चोर."

"चोर गातो का कधी, आजी?"

"गात नाही रे. पण तुझं ते गाणं तरी कुठे होतं?"

आजी मागचं दार उघडं टाकून आली होती. साडू बाहेर पायरीवर मटकन बसले. अजून आतली खोली तपासायची राहिली होती. "मी काही परत आत जायचा नाही," ते म्हणाले.

"बाळ येणार आहे ना इथे?" आजीचा आवाज उतरला. "त्या खोलीत पंखा लावला की जळकट वास यायचा मला. मुलगा म्हणतो, तुझं नाकच तसलं. तू बघ ना. मी दारात उभी राहते."

साडू उठले. आत जाऊन त्यांनी पंखा लावला.

"आजी, आहात ना?"

"आहे रे."

कॅमेरा त्यांनी भिंतीवरून फिरवला. पंख्याच्या बटणामागची भिंत पिवळी, मधोमध तर पांढरीफटक, म्हणजे पिवळ्याहूनही तापलेली.

"आजी?"

"आहे, आहे. काय दिसलं?"

"तुमचं नाक बरोबर आहे."

"अरे मग मेल्या, बंद कर ते बटण नि बाहेर ये आधी!"

घरचं मेन बटण कुठे आहे, तेही आजीनेच दारातून ओरडून सांगितलं. साडूंनी ते डोळे मिटून खाली ओढलं.