राळेचा धूर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी परळच्या एका लहान खासगी प्रयोगशाळेत नोकरीला होते. साबण, अत्तरं, तेलं यांच्या तपासण्या तिथे व्हायच्या. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली तिथली मी एकटीच मुलगी, आणि त्याचा मला अभिमान होता. गिरगावातून ट्रामने जायचे. शेजारपाजारचे विचारायचे, तेव्हा वडील सांगायचे, "आमची मुलगी वासांचं पृथक्करण करते."

मग ती आली. माझ्याहून चार वर्षांनी लहान, घोडपदेवच्या चाळीतली, वडील गिरणीत. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. घरच्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला माझ्या हाताखाली दिलं. ती मला ताई म्हणायची, विचारल्याशिवाय काही बोलायची नाही. पहिले दोन महिने मला ती आवडलीसुद्धा.

त्याच सुमारास एक उदबत्तीवाले गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्यांच्या चंदनाच्या उदबत्तीने गिऱ्हाइकांना ठसका लागत होता, डोळे चुरचुरत होते. वास तर नेहमीचाच होता. साहेबांनी काम माझ्याकडे सोपवलं. मी काचेच्या हंडीखाली उदबत्ती पेटवायचे आणि नळीला लावलेल्या भरल्या बाटलीतून पाणी सोडायचे. जेवढं पाणी बाहेर जाई तेवढा धूर आत ओढला जाई आणि वाटेत काचेच्या कापसाच्या बोळ्यात अडके. बोळ्याचं आधीचं आणि नंतरचं वजन. बोळा धुऊन निघालेल्या चिकट द्रावाच्या परीक्षा. तीन आठवडे हे चाललं होतं. वही भरत आली होती, पण ठसक्याचं कारण सापडत नव्हतं.

एक दिवस साहेब टेबलाशी उभे असताना ती म्हणाली, "ताई, यात राळ आहे."

"कशावरून?"

"वास येतो. चंदन आधी जळतं, मग मागून राळ येते. उदबत्तीतला भुसा देवदारी लाकडाच्या खोक्यांचा असणार."

साहेबांनी दुसरी उदबत्ती पेटवायला लावली आणि तिला डोळे मिटून उभं केलं. तिने तेच सांगितलं.

"तुम्हाला हे कसं कळतं?" साहेबांनी विचारलं.

"आई घरी उदबत्त्या वळते. मी लहानपणापासून तिच्याबरोबर वळल्यात. सुतारांकडचा स्वस्त भुसा आला की आमच्या खोलीत सगळे खोकतात."

साहेब हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, तीन आठवडे आपण काय शोधत होतो." ते 'आपण' म्हणाले, पण मला ते 'तुम्ही' असंच ऐकू आलं.

त्या दिवशी माझ्या मनात जे आलं ते लिहायला आज लाज वाटते. आमच्या घरी रोज सकाळ-संध्याकाळ देवापुढे उदबत्ती लागायची. त्यातलं आम्हाला कळणार नाही आणि हिला कळणार? ते मी कुणापाशी बोलले नाही. पण त्यानंतर तिच्या प्रत्येक गोष्टीत मी खोट काढायला लागले. तिचं अक्षर, तिने धुतलेल्या नळ्या, तिचं हळू बोलणं. साहेब आता तपासणीला आलेली नवी बाटली उघडली की आधी तिला हाक मारायचे. ते ऐकलं की मला समोरचा आकडा दिसेनासा व्हायचा.

साहेबांनी तिला सांगितलं, नाकावर अहवाल लिहिता येत नाही, वजनात दाखवा. तिने शुद्ध चंदनाचा भुसा आणि देवदारी भुसा वेगवेगळे जाळले. दोन्हींचे बोळे तिने झाकणाच्या बरणीत, तळाशी ओल शोषणारं रसायन घालून, वाळायला ठेवले. दुसऱ्या दिवशी हरताळ होता.

"आमच्या बाजूला पोलीस असतील, मला येता येईल असं वाटत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर सकाळी वजन करून ठेवाल का, ताई?"

"बघू," मी म्हटलं.

ट्राम बंद होत्या. मी गिरगावातून परळपर्यंत चालत गेले. घरी सांगितलं, काम आहे. प्रयोगशाळेत पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. मी बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलं, चिठ्ठ्यांवरचं तिचं अक्षर वाचलं, आणि तशीच परत निघाले. दिवसभर दमट हवा बोळ्यांत शिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने वजनं केली. आकड्यांना काही अर्थच उरला नव्हता. साहेब नाराज झाले. ती माझ्या टेबलाशी आली.

"ताई, झाकण उघडं होतं."

"असेल."

तिने वही माझ्यासमोर ठेवली. "झाकण उघडं राहिल्यामुळे आकडे रद्द, असं वहीत लिहिलंय. कुणी उघडलं ते लिहिलेलं नाही."

ती पुन्हा हंडीकडे गेली आणि सगळं पहिल्यापासून मांडायला लागली. मी तिथे बसून राहिले. तिने साहेबांना सांगितलं असतं, भांडण केलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या खेपेला आकडे स्पष्ट आले. देवदारी भुशाचा चिकटा चंदनाच्या कितीतरी पट होता, आणि त्यात राळ निघाली. उदबत्तीवाल्यांनी भुसा बदलला, तक्रारी थांबल्या. अहवाल मी लिहिला, पण तिचं नाव माझ्या आधी घातलं. साहेबांना वाटलं, माझा मोठेपणा. मी खुलासा केला नाही.

दीड वर्षाने तिला एका मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. साहेबांनी शिफारसपत्राचा मसुदा मला करायला सांगितला. 'कामात बऱ्यापैकी' असं मी लिहिलं, खोडलं, आणि खरं होतं ते लिहिलं. मग तिला जिन्यापाशी गाठून म्हटलं, "ते झाकण मी उघडलं होतं."

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हीच आला होतात, पहारेकऱ्याने सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला इथे काम करायचं होतं."

तिने मला नमस्कार केला आणि ती गेली. मला वाटलं होतं, कबूल केलं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांनी नवी बाटली उघडली आणि सवयीने तिच्याच नावाने हाक मारली. मी उठून गेले, बाटली नाकाशी धरली, आत काय आहे ते ओळखता आलं नाही, आणि मला पुन्हा त्या मुलीचाच हेवा वाटला.