रिकाम्या रकान्यातलं शून्य

अमेरिकेतल्या डब्लिनला आल्यावर ऑफिसातल्या गप्पांत तोंड उघडता यावं म्हणून मी कॉलेज फुटबॉल बघायला लागलो आणि पार नादालाच लागलो. इथे खेळाडू दरवर्षी एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जातात. कोण गेला, कोण आला, यावरून टीमची ताकद किती वाढली किंवा घटली, हे आकड्यांत सांगणारं एक कॉम्प्युटर मॉडेल मी सुट्टीत बसून बनवलं. त्यात आमच्या इथल्या कॉलेजचीच टीम भलती कमजोर निघाली. मॉडेल चुकलं असेल असं मनातही आलं नाही. उलट ऑफिसभर तोऱ्यात सांगत सुटलो.

बायको नागपूरला अकरा वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची. इथे व्हिसामुळे चार वर्षं घरी होती. नुकतंच वर्क परमिट हातात आलं होतं आणि जवळच्या कॉलेजात शिकवण्याची एक जागा निघाली होती. अर्जाची मुदत त्या रविवारी संपत होती आणि तिचा धीर होत नव्हता. या वेळी मागे फिरली तर ती पुन्हा कुठे अर्जच करणार नाही, याची मला भीती वाटत होती.

तेवढंच तिचं मन रमेल म्हणून रविवारी दुपारी मी तिला मॉडेल दाखवलं. चहा पीत ती एकेक ओळ बघत गेली.

"हे चार प्लेयर्स छोट्या कॉलेजमधून आलेत ना? यांच्यापुढे झीरो का?"

"मोठ्या टीम्सविरुद्ध त्यांचा रेकॉर्डच नाही. डेटा मिसिंग होता, मग झीरो फिल केलं."

"अरे यार, मिसिंग म्हणजे झीरो? माझ्या फर्स्ट इयरच्या पोरींनीही असं केलं नसतं! तिथे खेळत होतेच ना ते? तो रेकॉर्ड घे, छोटं कॉलेज म्हणून हवं तर थोडा डिस्काउंट कर."

मी ओशाळलो. दुरुस्ती केली तर टीम चांगली वर सरकली. खूश होऊन वळलो, तर ती शेजारी स्वतःचा अर्ज उघडून बसलेली. 'शिकवण्याचा अनुभव' या रकान्यात शून्य होतं. आठवड्यापूर्वी मीच शहाणपणा शिकवला होता, "इथलाच एक्सपीरियन्स धरतात, झीरो टाक." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने शून्य खोडलं, अकरा टाइप केलं आणि अर्ज पाठवून दिला.

"डिस्काउंट काय करायचा तो त्यांना करू दे," ती म्हणाली.