डेलियाचे कंद आणि आमचे सर

इथे परदेशात, हेन्डरसन उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये आम्हा मराठी आजी-आजोबांचा महिन्यातून एकदा मेळावा भरतो. तिथे मला माझे एम.एस्सी.चे गाईड भेटले. चेहऱ्यावरून नव्हे, बोलताना टेबलावर अंगठी आपटायच्या सवयीवरून मी त्यांना ओळखलं. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनुरेवाला, मुलाकडे राहायला आले होते. मला त्यांनी ओळखलं नाही. "नमस्कार वहिनी," म्हणाले आणि पुढे सरकले.

पुण्यात असताना त्यांनी मला डेलियाच्या कंदातून स्टार्च काढायला सांगितलं होतं. कंद किसून उकळले, गाळून पाणी थंड ठेवलं, की तळाशी पांढरी भुकटी बसायची. दिसायला अगदी स्टार्च. पण गरम पाण्यात तिची खळ होईना, सरळ विरघळून जायची. आयोडीनचा थेंब टाकला तरी निळा रंग येईना. मी चारदा करून पाहिलं आणि सरांना म्हटलं, हा स्टार्च नसावा. त्यांनी सगळ्यांसमोर माझं बीकर सिंकमध्ये ओतलं.

"तुम्ही घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी करा," म्हणाले. सगळी लॅब हसली.

माझी वही त्यांच्याकडेच राहिली. मला जेमतेम पास केलं, पीएच.डी.साठी शिफारस नाकारली. पुढच्या वर्षी लायब्ररीत त्यांचा पेपर हाती आला. विषय, डेलियातलं इन्युलिन, म्हणजे माझी तीच भुकटी. आकडे माझे होते. लॅबमधल्या बिघडलेल्या थर्मामीटरमुळे माझा मेल्टिंग पॉइंट चुकला होता, तो चुकीचा आकडासुद्धा जसाच्या तसा छापला होता. मी तक्रार केली नाही. कोणाकडे करणार? जन्मभर ज्युनियर कॉलेजात शिकवलं आणि दरवर्षी मुलांना आयोडीनचा प्रयोग करून दाखवला.

म्हणून, पुढच्या मेळाव्यात सोबत येणाऱ्या नातवंडांसाठी काहीतरी सायन्सचं करून दाखवा, असं संयोजक बाईंनी सांगितल्यावर मी लगेच हो म्हटलं. एकच अट घातली, अध्यक्ष सर हवेत.

लेकीच्या मागच्या अंगणात डेलिया आहेत. थंडी सुरू झाल्यावर ती कंद उपटून ठेवते. त्यातले चार मी किसले, उकळले, पंच्यातून गाळले आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. लेकीने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, जुनं काम आहे.

हॉलमध्ये मी दोन ग्लास मांडले, एकात बटाट्याचा स्टार्च, दुसऱ्यात माझी भुकटी. दोन्हींत आयोडीन टाकलं. बटाट्याचा ग्लास निळा झाला, दुसरा नाही. मग मुलांना गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन औषधवाल्याने एका झाडाचं मूळ उकळून ठेवलं. तळाशी स्टार्चसारखं काहीतरी बसलं, पण ते स्टार्चसारखं वागेना. त्याने ते फेकलं नाही, जे दिसलं ते तसंच लिहून ठेवलं. काही वर्षांनी दुसऱ्याच माणसाने त्या झाडाच्या शास्त्रीय नावावरून त्याला इन्युलिन नाव दिलं.

"सो द फर्स्ट गाय गॉट नथिंग?" एका मुलीने विचारलं.

"मिळालं ना," मी म्हटलं. "कोणी शोधलं ते नाव देणाऱ्याने लपवलं नाही." मग मी सरांकडे वळले. "सर, तुमचाही यावर पेपर आहे. तुम्हाला हे कसं सापडलं, ते सांगा ना."

सर खुलले. उभे राहून सांगू लागले, एका विद्यार्थिनीने प्रयोग बिघडवून ठेवला होता, ती बीकर टाकून गेली, पण त्यांच्या नजरेने ती भुकटी हेरली. मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर मी म्हटलं, "ती विद्यार्थिनी मी आहे. बीकर तुम्ही ओतलंत. आणि त्या पेपरातला मेल्टिंग पॉइंट चुकीचा आहे सर, कारण थर्मामीटर बिघडलेला होता आणि तो माझ्या हातात होता."

अंगठी टेबलावर वाजली नाही. सर खुर्चीत बसले. "खिचडी..." एवढंच पुटपुटले. म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं. त्यांच्या सुनेने कोट आणला आणि चहाला न थांबता ती त्यांना घेऊन गेली.

संयोजक बाई रागावल्या. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं करायला नको होतं, म्हणाल्या. मी म्हटलं, मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि तेही चारचौघांतच झालं होतं.

दोन आठवड्यांनी सुनेचा फोन आला. सर घराबाहेर पडत नाहीत, जेवताना बोलत नाहीत, तुम्ही एकदा फोन करून दोन चांगले शब्द बोलाल का? तिचा आवाज फार चांगला होता, तिचा काहीच दोष नव्हता. बघते, म्हटलं.

नंबर फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. मी फोन केलेला नाही. लेक म्हणते, आई, आता सोड ना. रोज दूध काढताना तो नंबर दिसतो आणि मला बरं वाटतं.